कर्ज चार माणसांत मांडा

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात पैसा हातात येण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, उन्हाळ्यात मिळाली तर रोजगार हमीची मजुरी आणि दिवाळीनंतर धान निघाला की आधारभूत केंद्रावरचे चुकारे. खर्च मात्र वेळ पाहून येत नाही. मृगात बियाणं लागतं, पऱ्हे टाकावे लागतात, आषाढात रोवणीच्या बायांची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते, शाळा त्याच महिन्यात सुरू होते आणि ताप-हगवणही त्याच पावसात घरात शिरते. तेंदूचा पैसा संपलेला आणि धान अजून बांधीत उभा, अशा चार-पाच महिन्यांत बहुतेक घरं पहिलं कर्ज काढतात. त्यामुळे कर्ज झालं म्हणजे माणूस उधळ्या किंवा आळशी, हा समज आधी डोक्यातून काढून टाका.

कर्ज होण्यात तुमचा दोष असेल किंवा नसेल, पण ते वाढतं ते लपवल्यामुळे. नवरा बायकोला सांगत नाही, बायको गटातल्या हप्त्याचं नवऱ्याला सांगत नाही, मुलाने मोबाईलवरून उचललेलं दोघांनाही ठाऊक नसतं. सावकाराला त्याचा आकडा माहीत असतो, कंपनीच्या साहेबाला त्याचा, किराणा दुकानदाराला त्याचा. सगळ्यांची बेरीज मात्र घरात कोणीच केलेली नसते. मग एकाची टोपी दुसऱ्याला घालणं सुरू होतं आणि प्रत्येक फेरीला थोडं व्याज वाढतं. यातून बाहेर पडलेली घरं बहुधा एकट्याने बाहेर पडलेली नसतात. त्यांनी कधीतरी सगळं कर्ज चार विश्वासाच्या माणसांत मांडलेलं असतं. ते कसं मांडायचं, कोणापुढे मांडायचं आणि पुढे काय करायचं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने सांगतो.

सगळं कर्ज एका पानावर

मुलांच्या वहीचं एक कोरं पान घ्या. नवरा, बायको आणि कमावती मुलं एकत्र बसा. प्रत्येक कर्जासाठी सहा गोष्टी लिहा: कोणाचं, मूळ रक्कम किती, व्याज किती, आजवर किती दिले, काय गहाण आहे किंवा कशावर सही दिली आहे, आणि पुढची तारीख कोणती. नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने, दुकानातली उधारी, कृषी केंद्रावरची खताची बाकी, धान व्यापाऱ्याकडून उभ्या पिकावर घेतलेली उचल, सगळं लिहा. दुसऱ्यासाठी तुमच्या नावाने उचललेलं कर्जही लिहा. दीर फेडीन म्हणाला, म्हणून वहिनीने गटातून काढून दिलेलं कर्ज कागदावर वहिनीचंच असतं.

व्याज लिहिताना ते वर्षाच्या हिशोबात लिहा. गावात दर महिन्याचा सांगतात, म्हणून तो लहान वाटतो. 'शेकडा पाच' म्हणजे महिन्याला शंभरावर पाच, वर्षाला ६० टक्के. वाढीदिढीचं धान तर त्याहून महाग. आषाढात एक खंडी उचलली आणि पाच महिन्यांनी दीड खंडी परत केली, तर व्याजाचा वार्षिक दर १२० टक्के पडतो. दिढीच्या व्याजाला कोणी व्याज म्हणत नाही, म्हणून ते दिसतही नाही. व्यापाऱ्याच्या उचलीचं तसंच आहे. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. उचल घेतली म्हणून तोच धान तुम्ही समजा ३०० रुपये कमीने दिला, तर ३० क्विंटलमागे ९,००० रुपये गेले. ते ९,००० तुमच्या पानावर व्याजाच्या रकान्यात लिहा.

बँका आणि कंपन्यांची नेमकी किती कर्जं तुमच्या नावावर आहेत याची खात्री नसेल, तर पतअहवाल मागवा. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात जुनं, विसरलेलं किंवा दुसऱ्याने तुमच्या कागदांवर उचललेलं कर्जही दिसतं.

पान पूर्ण झालं की खाली बेरीज करा. आकडा मोठा असेल. पण तो डोक्यात असताना त्याला शेवट नव्हता, आता त्याला शेवट आहे.

वाटाड्या कोण असावा

हे पान घेऊन कोणाकडे जायचं, हा पुढचा प्रश्न. तीन कसोट्या लावा. त्या माणसाला हिशोब कळला पाहिजे. ऐकलेलं त्याच्या पोटात राहिलं पाहिजे. आणि तुमच्या कर्जात त्याचा एक रुपयाचाही फायदा नसला पाहिजे. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. 'कर्जमाफीत नाव घालून देतो, दहा टक्के लागतील' म्हणणारा, किंवा एक कर्ज फेडायला दुसरी कंपनी सुचवणारा माणूस कितीही गोड बोलत असला, तरी तो वाटाड्या नव्हे.

आपल्याकडे अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. 'उमेद' म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई आणि बँक सखी गटांच्या कर्जाचे कागद रोज हाताळतात. 'माविम' म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या लोकसंचालित साधन केंद्रातल्या सहयोगिनींना शेकडो घरांचे हिशोब पाहून अनुभव आलेला असतो. सेवा सहकारी संस्थेचे, म्हणजे सोसायटीचे, गटसचिव पीककर्जाचे नियम तोंडपाठ सांगतात. बँकांची वित्तीय साक्षरता केंद्रं सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. आदिवासी कुटुंबांसाठीच्या योजनांची माहिती देवरीतल्याच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते. शिवाय प्रत्येक गावात एखादे निवृत्त गुरुजी किंवा पोस्टातून निवृत्त झालेले काका असतात, ज्यांच्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला जातात. त्यांना विचारा.

एका माणसापेक्षा दोन बरे. १९७६ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला कर्जबाजारी लोकांनी एकमेकांना आधार देण्यासाठी 'डेटर्स अॅनॉनिमस' नावाची मंडळं सुरू केली. त्यांची एक रीत आपल्यालाही उचलण्यासारखी आहे. अडचणीतल्या सदस्यासोबत दोन अनुभवी सोबती बसतात, शक्यतो एक पुरुष आणि एक बाई. तिघं मिळून त्याचा खर्च पाहतात, घराला जगायला किती लागतं ते आधी बाजूला काढतात आणि मग देणेकऱ्यांना किती देता येईल ते ठरवतात. सोबती पैसे देत नाहीत. ते आकडे पाहतात, धीर देतात आणि पुढच्या महिन्यात ठरल्याप्रमाणे झालं का ते विचारतात. आपल्या गावात एक सीआरपी ताई आणि एक गुरुजी एवढे दोघं जरी महिन्यातून एकदा तुमच्या ओसरीवर बसले, तरी हे काम होतं.

वाटाड्याकडून काय घ्यायचं हेही स्पष्ट असू द्या. तो जामीन राहणार नाही, सही करणार नाही, पैसे देणार नाही. त्याच्याकडे हे मागितलंत तर तो उद्यापासून तुमच्या घरावरून जाताना मान खाली घालून जाईल. त्याचा वेळ मागा, त्याची अक्कल मागा आणि खरं तेच सांगा.

गटाच्या बैठकीत

बायांचा बचत गट ही या भागातली सर्वांत जवळची सोबत. महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेलं 'माविम' आणि २०११ मध्ये सुरू झालेलं 'उमेद' हे काम करतात. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा नाबार्डचा पहिला प्रयोग १९९२ मध्ये ५०० गटांपासून सुरू झाला होता. आज गट नसलेलं गाव शोधावं लागतं.

चांगला गट ओळखायचा असेल, तर एका बैठकीत मागे बसून पाहा. दहा-बारा बाया गोल करून बसलेल्या असतात, म्हणजे कोणाची पाठ कोणाकडे नसते. मध्ये पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरी राहते, किल्ली दुसरीच्या. आधी हजेरी, मग बचत, मग मागचे हप्ते. प्रत्येक नोट सगळ्यांसमोर मोजली जाते आणि लिहिणारी बाई आकडा मोठ्याने वाचते, कारण काहींना लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकलेला आकडा त्यांच्या पक्का लक्षात राहतो. नंतर कर्जाची मागणी. कोण किती मागते, कशासाठी, कधी फेडणार, हे ती सगळ्यांसमोर सांगते. कोणी विचारतं, 'तुझ्या बांधीत औंदा किती रोवलं?' कोणी म्हणतं, 'हिच्या सासूच्या दवाखान्याचं आधी पाहू.' नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब ही गटांची पंचसूत्री म्हणतात ती हीच. जिथे वही बैठकीत न लिहिता घरी लिहिली जाते किंवा एकटी अध्यक्षाच सगळे निर्णय घेते, तिथे सावध राहा.

समूहाचा धाकही असतो, हे लपवून चालणार नाही. हप्ता चुकला म्हणून बाईला चारचौघींत टाकून बोलणं, तिच्या घरची भांडी उचलून आणणं, असे प्रकार जिथे होतात तिथे गट हाच दुसरा सावकार होतो. चांगला गट कारण विचारतो, मुदत वाढवून देतो आणि ती वाढ वहीत लिहितो. तुम्ही गटात असाल तर असा ठराव आधीच करून ठेवा: आजारपण, मृत्यू किंवा पीक बुडालं, तर किती हप्ते पुढे ढकलता येतील. अडचण आल्यावर नियम करायला बसलं की भांडण होतं.

पुरुषांनी हे वाचून 'हे बायांचं' म्हणून सोडून देऊ नये. गटातलं कर्ज बाईच्या नावाने येतं आणि घर दोघांचं वाचतं. म्हणून तुमचं खरं देणं आधी तिला सांगा. बैठकीत बाई खोटं कारण सांगून कर्ज मागते तेव्हा बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाने तिलाच खरं सांगितलेलं नसतं.

महाग कर्ज आधी मोडा

आता पानावरच्या यादीकडे वळू. समजा एका घराचं देणं असं आहे: सावकाराचे २०,००० रुपये, शेकडा पाचने, मायक्रोफायनान्स कंपनीचे २४,०००, सोसायटीचं पीककर्ज ३०,०००, किराण्याची उधारी ६,०००, मेव्हण्याचे हातउसने १०,०००. एकूण ९०,०००. वसुलीला सर्वांत जास्त येतो कंपनीचा माणूस, म्हणून सगळा पैसा तिकडे जातो. पण घर पोखरतं ते सावकाराचं व्याज.

सावकाराला दरमहा १,००० रुपये नुसतं व्याज जातं. वर्षभर दिले तरी २०,००० तसेच्या तसे उभे. हेच २०,००० गटातून महिना शेकडा एकने मिळाले आणि ते सावकाराच्या तोंडावर टाकून तुम्ही तेच १,००० रुपये दरमहा गटात भरत राहिलात, तर २३ हप्त्यांत कर्ज संपतं. शेवटचा हप्ता तर निम्म्याहूनही कमी असतो. खिशातून जाणारी रक्कम तीच, पण दोन वर्षांच्या आत कर्ज संपलेलं. गटाचा दर शेकडा दोन असला तरी हिशोब फायद्याचाच राहतो.

महाग कर्ज फेडण्यासाठी गटाच्या कर्जाचा वापर करायला बँकेचीही ना नाही. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना बँकेने द्यायच्या कर्जाच्या उद्देशांत जास्त व्याजाचं कर्ज फेडणं हा उद्देश रिझर्व्ह बँकेने स्पष्टपणे धरला आहे. म्हणून गटाचा सूक्ष्म पत आराखडा तयार होताना सरसकट 'शेळीपालन' लिहून देऊ नका. खरं लिहा: 'सावकाराचं कर्ज फेडणे, २०,०००'. दोन शेळ्यांचं नाव सांगून घेतलेला पैसा सावकाराकडे गेला, तर पुढे शेळ्याही दिसत नाहीत आणि गटाचा विश्वासही जातो.

पीककर्जाला या यादीत वेगळा मान द्या. तीन लाखांपर्यंतचं अल्पमुदतीचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ते शून्य टक्क्याने पडतं. तारीख चुकली की सवलत जाते, खातं थकीत होतं, पुढच्या हंगामाला बँकेचं दार बंद होतं आणि माणूस पुन्हा सावकाराच्या दारात उभा राहतो. म्हणून महाग नसलं तरी हे कर्ज वेळेतच भरायचं. 'नवं-जुनं' करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं काढायला, आठ दिवसांसाठी खासगी माणसाकडून मोठ्या व्याजाने पैसे उचलायची पद्धत आहे. ती टाळा. चुकारे अडकले असतील तर तेवढ्या दिवसांपुरतं कर्ज गट किंवा गावातल्या गटांचा ग्रामसंघ देऊ शकतो. मात्र सोसायटीचं नवं कर्ज नक्की मंजूर होणार आहे का, हे गटसचिवांना आधी विचारा.

किराण्याची उधारी लहान असते. ती एका चुकाऱ्यात पूर्ण फेडून वही बंद करा. मेव्हण्याला टाळू नका. भेटून सांगा की सावकार संपल्यावर दरमहा एवढे देईन, आणि ते लिहून द्या. नातेवाइकाला पैशाआधी तारीख हवी असते.

हप्ता हंगामाला बांधा

कंपन्यांचा आठवड्याचा किंवा महिन्याचा सपाट हप्ता पगारदाराला सोयीचा आहे. धान-तेंदूवर जगणाऱ्या घराला तो भाद्रपदात गळफास होतो. म्हणून कर्ज काढताना किंवा मुदत वाढवून घेताना तुमचं वर्ष समोर ठेवा. एका कागदावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकापुढे येणारा आणि जाणारा पैसा मांडा. तेंदूची मजुरी हाती येते तेव्हा आणि धानाचे चुकारे येतात तेव्हा मोठा हप्ता. श्रावण-भाद्रपदात फक्त व्याज किंवा नाममात्र रक्कम. गटाला हे समजावून सांगितलं तर गट असे हप्ते पाडून देऊ शकतो, कारण गटातल्या सगळ्यांचं वर्ष तसंच असतं.

पैसा येतो त्याच दिवशी वाटायचा, हा दुसरा नियम. चुकारे खात्यात पडले की त्याच दिवशी सोसायटीची, गटाची आणि घरखर्चाची रक्कम वेगळी करा. मंडई आणि लग्नसराई याच दिवसांत येतात. राहिलेल्या पैशातून हप्ता भरू म्हटलं तर काही राहत नाही.

पैसा वाढवण्यासाठीही समूह लागतो. २०१३ मध्ये गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या १८ ग्रामसभांनी वनहक्क कायद्याच्या आधारे तेंदूपत्ता स्वतः गोळा करून विकला. देवरी तालुक्यातल्या ग्रामसभांनीही ही वाट धरली. मोहफुलांचंही असंच आहे. गरजेपोटी ओली किंवा हंगामात लगेच विकली तर भाव पडतो. चार घरांनी मिळून नीट वाळवून साठवली तर वाट पाहता येते. धानही दिवाळीआधी गरजेपोटी व्यापाऱ्याच्या काट्यावर जाऊ नये. आधारभूत केंद्रावर नाव नोंदवायला सातबारा, ई-पीक पाहणी, आधार आणि बँक पासबुक वेळेत तयार ठेवा. केंद्राची वाट पाहण्याची ताकद देणं हाच गटाचा खरा उपयोग.

सावकार, कंपनी आणि मोबाईल

देणं द्यायचं, पण बेकायदा देणं द्यायचं नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारानेही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, असे दर सरकारने २०१४ मध्ये ठरवून दिले. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. दामदुपटीचा हा जुना नियम कायद्यातही आहे. म्हणून पानावरचा 'आजवर किती दिले' हा रकाना नीट भरा. २०,००० मुद्दलावर २०,००० व्याज देऊन झालं असेल, तर पुढचं व्याज मागण्याचा हक्क संपला.

सावकारीत जमीन लिहून दिली असेल तर आशा सोडू नका. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत मिळू शकते. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ चं हे संरक्षण आहे. तक्रार करताना एकट्याने जाऊ नका. वाटाड्या, गटातल्या दोन बाया आणि कागदांच्या झेरॉक्स सोबत न्या. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर कधीच सही करू नका.

मायक्रोफायनान्स कंपनी सावकारी कायद्यात येत नाही, पण रिझर्व्ह बँकेचे नियम तिला बांधतात. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे मासिक हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. अशा कर्जाला तारण मागता येत नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं यांना मनाई आहे. कर्ज घेताना तुमच्या भाषेतलं माहितीपत्रक मागा आणि व्याज 'घटत्या शिलकीवर' आहे का ते विचारा. वर्षभराच्या कर्जावर सपाट १२ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास २१-२२ टक्के होतात. कंपनीने ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राला १४४४८ वर फोन करता येतो.

मोबाईलवरच्या कर्जाच्या अॅपना संपर्क, फोटो, काहीही उघडून देऊ नका. फोटो बदलून बदनामीची धमकी आली तर पैसे देऊन ती थांबत नाही. १९३० वर तक्रार करा आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा. लपवलंत तर तो माणूस तुमच्या भीतीवरच जगतो.

वकिलाची भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा: महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा. बँकेचं जुनं थकीत कर्ज असेल, तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. तडजोडीचा आकडा तोंडी मानू नका, लेखी घ्या.

नवी भोकं बुजवा

एकीकडे फेडायचं आणि दुसरीकडे गळत राहायचं, तर काही शिल्लक पडत नाही. या भागात नवं कर्ज साधारण तीन दारांनी येतं: दवाखाना, लग्न-तेरवी आणि दारू.

दवाखान्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आयुष्मान कार्ड आजारी पडण्याआधी काढा आणि कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते आशाताईंना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा बँक खात्यावर मिळतो. कर्त्या माणसाचा विमा नसेल, तर त्याच्या मागे कर्ज बायकोच्या पदरात पडतं.

लग्न आणि तेरवीचा खर्च एकट्याने कमी करता येत नाही, कारण 'लोक काय म्हणतील' हा धाक खरा असतो. तो समाजानेच काढायचा. जातीच्या पंचांनी, ग्रामसभेने किंवा ग्रामसंघाने ठराव केला की तेरवीला एवढंच जेवण आणि मानपान बंद, तर गरीब घर आपोआप वाचतं. सामूहिक विवाहात मुलीचं लग्न लावणं यात कमीपणा नाही. बापाने बांधी गहाण टाकली नाही, ही त्या मुलीसाठी मोठी भेट आहे.

दारूबद्दल हातचं राखून बोलून उपयोग नाही. घरात रोज दारू असेल तर कोणताही आराखडा टिकत नाही. तिथे आधी त्या माणसाच्या उपचाराकडे पाहा.

आणि आठवड्याला पन्नास रुपये का होईना, कर्ज असतानाही बचत चालू ठेवा. पुढच्या पावसाळ्यातला पहिला ताप त्याच पैशातून निघाला, तर नवं कर्ज टळतं.

मन खचलं तर

कर्जाने झोप उडते, जेवण जात नाही, माणूस बोलणं बंद करतो. घरात कोणी असं गप्प झालं, 'माझ्या मागे तुमचं कसं होईल' असं बोलू लागलं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवा आणि १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर फोन लावून द्या. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. कोणतंही कर्ज माणसापेक्षा मोठं नाही, हे वाक्य त्या माणसाला तोंडावर, त्याचा हात धरून सांगायला लागतं. ते गावाने सांगायचं.

सुरुवात आणि शेवट

या आठवड्यात पान लिहा आणि घरच्यांना दाखवा. या महिन्यात दोन सोबती निवडा, त्यांच्यासमोर पान ठेवा आणि बारा महिन्यांचा कागद तयार करा. तोवर नवं कर्ज घेऊ नका. पुढच्या तीन महिन्यांत सर्वांत महाग कर्ज गटाच्या कर्जाने मोडा, आणि वर्षभर दर महिन्याला सोबत्यांपुढे पान उघडा, हप्ता भरला असो वा चुकला असो.

कर्ज फिटलं की काम संपलं, असं समजू नका. प्रत्येक फेडीची पावती घ्या. शेवटच्या हप्त्यानंतर बेबाकी दाखला मागा. सावकाराला दिलेला कागद, रोखा किंवा धनादेश परत घ्या आणि सोबत्यांसमोर फाडा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर असेल, तर दाखला घेऊन तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करा आणि बोजा उतरलेला नवा सातबारा हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. वर्षभराने पतअहवालात खातं 'बंद' दिसतं का ते पाहा.

मग ते जुनं पान जपून ठेवा, कारण ते आता दुसऱ्याच्या उपयोगाचं आहे. गटात पुढच्या वेळी कोणी बाई अडखळत आपला आकडा सांगायला लागली, तर तिच्या शेजारी बसायला सर्वांत योग्य माणूस तुम्ही आहात. तिला योजना सांगण्याआधी तुमचं पान दाखवा: सुरुवातीची बेरीज, चुकलेले हप्ते आणि खाली लिहिलेलं शून्य. तिच्या डोळ्यांसमोर फिटलेलं कर्ज असेल, तर तिला आपलं कर्ज मांडायला धीर येईल.